एवढं पाणी : पानशेतच्या पुरावरच्या अमूर्त चित्रमालिकेच्या नोंदी

३ जून २०२४

मालिकेचं काम आजपासून. विषय पुण्यातला १२ जुलै १९६१ चा पूर. स्वतःला एकच अट घातली आहे : चित्रात पूर काढायचा नाही. छपरावर बसलेली कुटुंबं, पाण्याखाली गेलेला लकडी पूल, चिखलानं भरलेल्या पेठा हे सगळं तेव्हाच्या छायाचित्रांत आहे आणि तिथे ते चोख आहे. पण फोटो काढणारा त्या क्षणी कोरड्यात उभा होता. जे पाण्यात होते त्यांच्याजवळ राहिलं ते वेगळं आहे. साठाहून जास्त वर्षं ते घराघरांत बोललं जातंय, आणि बोलता बोलता बदलतंय.

अमूर्त म्हटलं की आपल्याकडे चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवतात, आणि त्यांच्यामागोमाग शांतता, ध्यान, आत उतरणं. गायतोंड्यांच्या कॅनव्हाससमोरून हलवत नाही, हे मीही अनुभवलंय. मला मात्र हे पाहायचंय की एकट्या माणसाच्या मनाशी बोलणारी ही भाषा अख्ख्या शहरावर गुदरलेल्या गोष्टीबद्दल बोलू शकते का. मला वाटतं, शकते. त्यासाठी रेघ कुठे, रंग कशाचा, कागद केवढा, यातला प्रत्येक निर्णय त्या घटनेतूनच यायला हवा. नाहीतर भिंतीवर एक सुंदर तपकिरी पोत लटकेल आणि खाली ‘पूर’ अशी पाटी.

६ जून

जी तथ्यं सतत डोळ्यांसमोर हवीत ती भिंतीवर लावली.

पानशेत धरण आंबी नदीवर. मातीचं. १९६१ च्या पावसाळ्यात पाणी अडवलं तेव्हा पाणी सोडण्याच्या मोरीचं काम पूर्ण झालेलं नव्हतं. भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवला. १२ जुलैच्या सकाळी, बुधवारी, धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि दुपारी १८७९ साली पुरं झालेलं ते दगडी धरणही फुटलं. जवानांनी मिळवून दिलेल्या त्या काही तासांमुळे पाण्याचा मोठा लोंढा शहरात आला तो दिवसाउजेडी. हे मध्यरात्री झालं असतं तर, हा विचार पेठांमधली जुनी माणसं आजही बोलून दाखवतात. मृतांचा आकडा हजाराच्या आसपास धरला जातो.

पाणी ओसरल्यावर दुसरं संकट. पुण्याला पिण्याचं पाणी खडकवासल्याहून यायचं आणि धरणच उरलं नव्हतं. पुरात सगळं गेलेल्या गावाला घोटभर पाण्यासाठी विहिरी धुंडाळाव्या लागल्या. मालिकेत याला जागा हवी. कशी ते अजून कळत नाही.

९ जून

नारायण पेठ. एका जुन्या वाड्यातल्या आजींकडे गेले होते. तेव्हा त्या नव्यानं लग्न होऊन आलेल्या. बराच वेळ बोलल्या : तांदळाचा डबा, सासूबाईंनी देवघरातून उचललेला लंगडा बाळकृष्ण, माडीवर कोंडून बसलेली तीन बिऱ्हाडं. मग मी विचारलं, “पाणी किती होतं, आजी?”

त्या उठल्या. भिंतीपाशी गेल्या, तळहात आडवा धरला आणि म्हणाल्या, “एवढं पाणी होतं गं.”

बाकी सगळं त्यांनी बसून सांगितलं. याच प्रश्नाला त्यांना उठावं लागलं. फूट, इंच, पायऱ्या, कशातच सांगितलं नाही. हात जिथे थांबला तिथे क्षणभर तसाच ठेवला.

मालिका सापडली असं वाटतंय.

११ जून

ज्यांना ज्यांना विचारते ते हेच करतात. शनिवार पेठेत, कसब्यात, डेक्कनला. कुणी दारापाशी जातं, कुणी कपाटापाशी, कुणी स्वतःच्या अंगावर हात लावतं. एरवी मोघम बोलणारी माणसंही इथे हात नेमका ठेवतात, किंचित वर, किंचित खाली करून. त्या उंचीची घरात जणू नोंद आहे आणि ती शरीरात ठेवलेली आहे.

म्हणून प्रत्येक चित्र म्हणजे एक हात. जमिनीपासून हातापर्यंतची उंची मोजपट्टीनं घ्यायची आणि कागदाच्या उभ्या पट्टीवर त्या उंचीला रेघ. कागद माणसाच्या उंचीपेक्षा थोडा जास्त, सात फूट. लहान करून चालणार नाही. पाहणाऱ्यानं स्वतःच्या गळ्याशी, खांद्याशी, कमरेशी ते ताडून बघायला हवं.

१५ जून

कसब्यातल्या एका काकांनी पेच टाकला. पुराच्या वेळी ते सात वर्षांचे होते. “छातीपर्यंत होतं,” म्हणाले आणि स्वतःच्या छातीला हात लावला. आज ते पावणेसहा फूट उंच आहेत. मी विचारलं, “काका, तेव्हाच्या छातीपर्यंत की आताच्या?” ते थांबले. हात हळूहळू खाली आणला, पार मांडीपर्यंत. मग मान हलवून पुन्हा छातीशी नेला. “नाही, एवढंच होतं.”

दोन्ही उंच्या लिहून घेतल्या. खरी कोणती, हे मी ठरवणार नाही. मांडीएवढं पाणी सात वर्षांच्या मुलाला बुडवायला पुरतं, आणि ती भीती त्यांच्याबरोबर मोठी होत होत आज छातीपाशी आली आहे. त्यांच्या पट्टीवर दोन रेघा येतील.

मोरीस आल्ब्वाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ साली मांडलं की माणूस एकटा आठवत नाही. घर, जात-धर्म, वस्ती या चौकटी त्याला आठवायला लावतात आणि काय आठवायचं तेही घडवतात. तो स्वतः १९४५ मध्ये नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत मेला. काकांचा खाली जाऊन वर आलेला हात पाहिल्यावर त्याचं म्हणणं मला पुस्तकाबाहेर कळलं.

२२ जून

सामान.

कागद हातकागदच हवा. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून चालू आहे, आणि कसब्यात नदीच्या अंगाला कागदीपुरा आहे, जिथे पेशवाईपासून कागद करणाऱ्यांची वस्ती होती. या शहराचा कागद आणि या शहराची नदी हे नातं जुनं आहे.

गाळ मुठा नदीचा. पात्रातून आणला, वाळवला, कुटला, वस्त्रगाळ केला. ओला असताना जवळजवळ काळा, वाळल्यावर राखाडी-तपकिरी. काळ्या पाषाणाची ही माती. तिच्यात बाहेरचा रंग मिसळायचा नाही. थोडा बाभळीचा डिंक, बस.

कागदाच्या पाठीला मलमल लावावी लागेल, ओला कागद सात फूट लोंबकळला तर स्वतःच्या वजनानं फाटतो. मलमल चिकटवायला खळ, खळीत चिमूटभर मोरचूद. नाहीतर कसर लागते.

३० जून

पालख्या आल्या. पेठांत जाणं अशक्य, आणि आज जावंसंही वाटलं नाही कामासाठी. पूल माणसांनी भरलेले.

५ जुलै

पद्धत बसली. आठ इंची पीव्हीसी पाइप, बुडाला बूच, अंगणातल्या खांबाला घट्ट बांधलेला. त्यात गाळाचं पाणी त्या माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंत भरायचं आणि वीतभर रुंदीची कागदाची पट्टी वरून आत सोडायची. रात्रभर तशीच. सकाळी खालच्या तोटीतून पाणी सावकाश सोडून द्यायचं.

जे झालं ते मी ब्रशनं कधीच काढू शकले नसते. जड कण तळाशी बसतात, त्यामुळे पट्टी खाली गडद आणि खरबरीत, वर जावं तसं विरळ. आणि मुख्य गोष्ट, कागद पाणी ओढून घेतो. ओल पाण्याच्या पातळीच्या वर चढते, दोन-तीन बोटं, कधी चार. वाळताना बारीक कण त्या चढलेल्या कडेला जमतात आणि तिथे गडद, वाकडीतिकडी रेघ उमटते. म्हणजे कागदावर सगळ्यांत ठळक दिसणारी रेघ पाणी होतं त्या जागेच्या थोडी वरच असते. जुन्या भिंतींतही असंच होतं. पूर ओसरला तरी ओल चढत राहते, पोपडे पाण्याच्या वर धरतात.

ही रेघ सुधारायची नाही, पुसायची नाही, गिरवायची नाही.

८ जुलै

गोखलेनगर. पूरग्रस्तांना वसवलेल्या वस्त्यांपैकी ही एक, तशीच सहकारनगरची. नदीपासून किती उंचावर आहे ते चढ चढताना पायांना कळतं.

एका घरात तिघी भेटल्या : आजी, लेक, नात. आजींना आता नीट आठवत नाही, त्या हसल्या फक्त. लेकीचा जन्म १९६४ चा. तिला विचारलं तर ती उठली, दाराच्या चौकटीपाशी गेली आणि हात ठेवला. हे घर पुरानंतरचं, या दाराला पाणी कधी शिवलेलंच नाही! पण तिनं आईला असाच हात धरताना लहानपणापासून पाहिलेलं, तो हात तिच्या अंगात आला होता. नातीनंही ठेवला, आईपेक्षा चार बोटं वर.

या दोघींच्याही पट्ट्या करणार. प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्याच घ्यायच्या असं एका जुन्या मित्राचं मत पडलं. तो इतिहासाचा अभ्यासक आहे, त्याची काळजी मला समजते. पण मला शोधायची आहे ती शहराची आठवण, आणि शहराची आठवण पाहिलेल्यांबरोबर संपत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांच्या पट्ट्या आणि ज्यांनी ऐकलं त्यांच्या पट्ट्या यांत फरक मात्र दिसला पाहिजे, तेवढा प्रामाणिकपणा हवाच. ऐकलेल्यांच्या पट्टीला गाळाचं पाणी दुसऱ्यांदा वापरलेलं घ्यायचं : आईच्या पट्टीतून उरलेल्या पाण्यात लेकीची पट्टी, लेकीच्या उरलेल्यात नातीची. रंग आपोआप फिका होत जाईल.

१२ जुलै

त्रेसष्ट वर्षं. सकाळी लकडी पुलावर गेले. आज नदी तळाशी, पातळ. पुलाच्या कठड्यावरून खाली पाहिलं की पाणी पुलाच्या वरून गेलं होतं हे बुद्धीला पटतं, डोळ्यांना पटत नाही. शहरातले पूल त्या दिवशी पाण्याखाली होते, बंडगार्डनचा तेवढा राहिला.

घरी येऊन ज्यांचं सगळंच गेलं त्यांच्या पट्ट्यांचा विचार केला. “छप्पर दिसत नव्हतं,” असं सांगणाऱ्यांचा हात कुठेच थांबत नाही, तो वर जातो आणि हवेत सुटतो. सात फुटांच्या कागदावर त्यांची रेघ येणार नाही. तर ती पट्टी पूर्ण बुडवायची. वरपासून खालपर्यंत गाळ, रेघ नाही. शेजारच्या पट्ट्यांवर सगळीकडे रेघ असताना इथे ती शोधूनही सापडणार नाही.

२६ जुलै

काल पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर विसर्ग होता. लोक झोपेत होते. गाड्या बुडाल्या, तळमजल्यांतलं सगळं गेलं.

दिवसभर काम केलं नाही. मैत्रिणीच्या ओळखीच्या एका कुटुंबासाठी जेवण आणि कोरडे कपडे घेऊन गेलो. तिथे एक तरुण मुलगा शेजाऱ्याला सांगत होता, आणि सांगताना त्यानं भिंतीपाशी तळहात आडवा धरला.

त्याची उंची मी मोजली नाही. त्याच्या घरातला चिखल अजून ओला होता. त्याला मोजपट्टी लावण्याचा हक्क मला नाही.

११ ऑगस्ट

चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर पुन्हा पाहतेय. १९२१ चा चितगावचा जन्म. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी भुकेली माणसं समोर बसून रेखाटली, कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रांसाठी. १९४६ च्या तेभागा आंदोलनातही, म्हणजे तिथल्या बटईदार शेतकऱ्यांच्या लढ्यात, वही घेऊन फिरले. म्हणजे वार्ताहराचं काम त्यांनी आधी पुरेपूर केलं. आणि सत्तरच्या दशकात ‘जखमा’ ही मालिका : पांढऱ्यावर पांढरं. मातीच्या थरावर सुरीनं चिरे द्यायचे, टोचायचं, डागायचं, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. माणूस कुठे दिसत नाही, रक्त नाही, फक्त कागदाला पडलेली भेग. पण पाहताना त्वचाच आठवते.

मला यात धीर मिळतो. होरांनी माणसाकडे पाठ फिरवून अमूर्त गाठलं नाही. जे तीस वर्षं आधी पाहिलं होतं तेच रेखाटनात मावेना, म्हणून ते कागदाच्या देहात उतरवलं.

मुद्राचित्रकार झरीना हाश्मीचं ‘डिव्हायडिंग लाइन’ही त्याच जातीचं. २००१ चा लाकडावरचा छापा, हातकागदावर एक काळी वेडीवाकडी रेघ, फाळणीची. नकाशा म्हणून ती रेघ शाळेच्या पुस्तकातही असते. पण अलीगढची ही मुलगी, जिचं घरदार त्या रेघेनं दूर गेलं, ती हातानं लाकूड कोरून ती रेघ काढते तेव्हा तिची जाडीसुद्धा बोलते.

दोघांकडून घेतलेली एक गोष्ट : साधन आणि घटना यांच्यात अंतर ठेवायचं नाही. गाळ वापरतेय ते बरोबर आहे.

२ सप्टेंबर

पिण्याच्या पाण्याचं सुचलं. काही पट्ट्या स्वच्छ पाण्यात, विहिरीच्या. गाळाशिवाय. वाळल्यावर त्यावर जवळपास काही दिसणार नाही, कागद थोडा आक्रसेल, एक हलकी किनार उमटेल. पाणी हंडाभर मिळवण्यासाठी रांगेत उभं राहिल्याच्या आठवणी सांगणाऱ्या बायकांच्या या पट्ट्या. हंडा कमरेवर जिथे टेकतो त्या उंचीवर रेघ.

१० सप्टेंबर

गणपती. कारागीर मुलं गावी. कामाला सुटी.

२१ सप्टेंबर

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांना सगळ्या पट्ट्या आणि उंच्यांची वही दाखवली. त्यांनी वही शांतपणे वाचली. म्हणाले, “हे बघा ताई, पाण्याचा पृष्ठभाग एकाच गल्लीत सलग असतो. तुमच्या आकड्यांत शेजारशेजारच्या घरांत तीन-तीन फुटांचा फरक आहे. थोडा जोत्याच्या उंचीचा असेल, थोडा रस्त्याच्या उताराचा. उरलेला आठवणीचा.”

मग त्यांनीच खरा प्रश्न विचारला : या पट्ट्या लावणार कशा? खालच्या कडा एका ओळीत ठेवल्या तर रेघा वरखाली उड्या मारतील. रेघा एका ओळीत आणल्या तर पट्ट्यांच्या कडा वरखाली होतील. दुसरं म्हणजे त्या दिवशीचं पाणी, सगळ्यांवरून गेलेलं एकच. पहिलं म्हणजे प्रत्येकाची आपापली जमीन.

रात्री झोप आली नाही. तीन महिने जे करतेय त्याचा गाभा हा प्रश्न आहे.

६ ऑक्टोबर

दोन्ही रीतींनी लावून पाहिलं, घराच्या लांब भिंतीवर.

रेघा एका पातळीत आणायला गवंड्याकडची पाण्याची नळी घेतली. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते आपोआप एका पातळीला येतं. पाण्याच्याच मदतीनं पाण्याची रेघ लावणं मला फार आवडलं. आणि परिणाम जबरदस्त होता : भिंतभर एक सरळ क्षितिज. लांबून पाहिलं की दचकायला होतं.

पण जवळ गेल्यावर काहीच उरेना. पट्ट्या अधांतरी, कुठली कुणाची ते कळत नाही. कसब्यातल्या काकांच्या दोन रेघांपैकी कुठली क्षितिजावर ठेवायची? नातीचा चार बोटं वर गेलेला हात तर दिसेनासाच झाला, सगळ्यांच्या रेघांत सामील. एक सरळ रेघ काढायला मला इतक्या माणसांकडे जायची गरज नव्हती. ती सरकारी नोंदीतून मिळाली असती.

पट्ट्या जमिनीला टेकवल्या. रेघा वरखाली, अस्वस्थ. समोरून चालत गेलं की पाणी गुडघ्याशी येतं, मग एकदम डोक्यावर जातं, मग कमरेला. मध्येच रेघ नसलेली पट्टी येते आणि पाऊल अडतं. हेच ठेवायचं.

१९ ऑक्टोबर

सोबत मजकूर द्यावा की नाही यावर दोन दिवस वाद, मैत्रिणीशी. ती म्हणते चित्रानं स्वतः बोलावं. मला ते या कामापुरतं पटत नाही.

जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरची ‘बिर्केनाऊ’ चित्रं, २०१४ ची, चार मोठे कॅनव्हास. ऑगस्ट १९४४ मध्ये बिर्केनाऊच्या नाझी छळछावणीतल्या कैद्यांनी जीव धोक्यात घालून चोरून चार फोटो काढले, आणि टूथपेस्टच्या नळीतून ते बाहेर पोचवले गेले. रिश्टरनं ते फोटो कॅनव्हासवर उतरवले आणि मग त्यांवर रंगाचे थर ओढत नेले, मूळ चित्र पूर्ण झाकेपर्यंत. पाहणाऱ्याला फक्त काळे, करडे, लाल, हिरवे ओरखडे दिसतात. पण नाव आहे, आणि मूळ फोटोंच्या प्रतीही सोबत ठेवल्या जातात. ते काढून घेतलं तर ती चित्रं मला वाटतं त्या माणसांचा विश्वासघात करतील.

म्हणून माझ्या भिंतीवर मजकूर असणार. अलंकार नाही : तारीख, धरणं, मोरीचं अर्धवट काम, जवान, दोन्ही धरणं फुटल्याची क्रमवार हकीकत. प्रत्येक पट्टीखाली पेठ, त्या वेळचं वय, आणि पाहिलेलं की ऐकलेलं. नावं नाहीत. हा पूर आभाळातून पडला नव्हता, तो माणसांच्या निर्णयांतून आला होता, हे चित्रांत दाखवता येत नाही आणि न सांगता सोडणं बरोबर नाही. नुसत्या गाळाच्या रेघा पाहून कुणी ‘निसर्गाचा कोप’ म्हणून घरी जाऊ नये.

२३ नोव्हेंबर

शनिवार पेठेतल्या एका लहान कलादालनात मांडणी झाली. हे दालनही नदीच्या टप्प्यातच.

दुपारी नारायण पेठेतल्या आजी नातवाचा हात धरून आल्या. त्यांची पट्टी मी दाखवली नाही, त्यांनी शोधली नाही. त्या क्रमानं चालत राहिल्या आणि एका अनोळखी पट्टीसमोर थांबल्या, रेघ नसलेल्या. नातवानं विचारलं, “इथे पाणी नव्हतं का, आजी?” त्या म्हणाल्या, “इथे सगळं पाणीच होतं रे.”

मजकुरातलं एक अक्षरही त्यांनी वाचलं नव्हतं.

संध्याकाळी दोन अनोळखी गृहस्थ एका पट्टीवरून भांडले. एक म्हणे या गल्लीत इतकं पाणी नव्हतंच, दुसरा म्हणे तुम्ही त्या वेळी मावशीकडे होतात. दोघांनीही हात धरून दाखवले. दोघांचीही उंची घेतली, परवानगी विचारून. त्यांच्या पट्ट्या शेजारीशेजारी लागतील.

१ डिसेंबर

पुढची मांडणी जानेवारीत गोखलेनगरात, एका शाळेच्या वर्गात. तिथल्या भिंतीला ओल आहे, पट्ट्या सरळ टेकवता येणार नाहीत. मागे लाकडी पट्ट्यांची चौकट लागेल, बोटभर हवा खेळेल अशी. सुताराला माप दिलं. मोरचूद संपलाय, आणायचा. एकतानगरीतल्या त्या मुलानं मैत्रिणीमार्फत निरोप पाठवलाय की त्याला उंची द्यायची आहे. पुढच्या रविवारी जाईन. त्याच्या पट्टीला गाळ या वर्षीचा घ्यावा लागेल, विठ्ठलवाडीजवळचा, तो वेगळा चाळून वेगळ्या बरणीत ठेवायचा.